दोन रंगांची तबकडी

बिनाका गीतमाला ज्यांनी ऐकली आहे, त्यांना गाण्यांचा 'चार्ट' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. कोणतं गाणं कितव्या पायदानावर चढलं आणि कोणतं घसरलं यावर आपल्याकडे पैजा लागत. इंग्लंडातही हाच प्रकार होता, फक्त तिथं तो जरा जास्त हिशेबी होता. निवडक दुकानांतून कोणत्या तबकडीच्या किती प्रती खपल्या याची नोंद दर आठवड्याला गोळा व्हायची. त्यावरून यादी तयार होऊन मंगळवारी रेडिओवर जाहीर व्हायची आणि गुरुवारी संध्याकाळी बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात त्यातली गाणी सारा देश बघायचा. यादी म्हणजे खपाचा हिशेब. तिच्यावरून देशाची नाडी कळेल अशी अपेक्षा कुणी करत नाही. पण जुलै १९८१ मध्ये ती नाडी चक्क त्या यादीत सापडली.

या सदरात आपण एरवी नाट्यपदं, वचनं, भावगीतं यांविषयी बोलतो. आज जरा लांब जाऊ. कॉव्हेंट्री नावाच्या इंग्लंडातल्या कारखानदारीच्या गावात, सात जणांच्या एका बँडपाशी. बँडचं नाव 'द स्पेशल्स'. लांब म्हटलं खरं, पण हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो जेरी डॅमर्स जन्मला आपल्या शेजारच्या निलगिरीत, उटीला, २२ मे १९५५ रोजी! वडील धर्मोपदेशक, त्या निमित्तानं कुटुंब भारतात होतं. पोर लहान असतानाच मंडळी परत गेली, त्यामुळे उटीचा त्याच्या संगीतावर काही परिणाम झाला असं म्हणणं म्हणजे ओढूनताणून नातं जोडणं होईल. तसं मी करत नाही. पण माहिती म्हणून सांगायला काय हरकत आहे?

आधी 'स्का' म्हणजे काय ते पाहू. हे मूळचं जमैकाचं संगीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथली पोरं रेडिओवर अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूज ऐकायची. ते वाजवता वाजवता त्यांनी त्याचा ताल उलटा केला. आपण एक-दोन-तीन-चार अशा टाळ्या देतो ना, त्या दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत गिटार किंवा पियानो 'चक्' करून वाजतो. टाळीवर नाही, टाळीच्या मध्ये. त्यामुळे बसलेल्या माणसाचेही गुडघे हलू लागतात. त्यावर ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. हे वाजवणारे कितीतरी जण किंग्स्टनच्या अल्फा बॉईज स्कूलमधले. कॅथलिक जोगिणींनी चालवलेल्या या शाळेत गरीब घरची मुलं बँड शिकत. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाली तेव्हा स्का ऐन भरात होता. पुढे त्याचा वेग मंदावत गेला आणि त्यातूनच 'रेगे' तयार झालं. बॉब मार्लेचं नाव बहुतेकांना ठाऊक असतं, ते या रेगेमुळे.

इंग्लंडात हे संगीत माणसांबरोबर आलं. जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' ही बोट वेस्ट इंडीजची शेकडो माणसं घेऊन आली, आणि पुढची काही वर्षं हा ओघ चालूच राहिला. बसमध्ये कंडक्टर, इस्पितळात परिचारिका, कारखान्यात कामगार अशी कामं या माणसांनी धरली. सामानातून तबकड्याही आल्या. गोऱ्या कामगारांच्या पोरांनाही हे संगीत आवडलं. १९६४ साली मिली स्मॉल या जमैकन मुलीचं 'माय बॉय लॉलीपॉप' यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि १९६९ मध्ये डेस्मंड डेकरचं 'इझरेलाइट्स' थेट पहिल्या. पण गाणं आवडणं वेगळं आणि गाणाऱ्याला शेजारी म्हणून घेणं वेगळं. मधल्या काळात, एप्रिल १९६८ मध्ये, इनॉक पॉवेल या खासदारानं बाहेरून आलेल्यांविरुद्ध बर्मिंगहॅममध्ये ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट नावाचा पक्ष तेच विष गल्लोगल्ली पेरत होता. त्याला उत्तर म्हणून १९७६ मध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली.

कॉव्हेंट्री हे गाव मोटारींचं. दुसऱ्या महायुद्धात, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, जर्मन बॉम्बफेकीत ते जवळजवळ बेचिराख झालं होतं. युद्धानंतर पुन्हा उभं राहिलं ते कारखान्यांच्या जोरावर. तिथं स्कॉटलंड-आयर्लंडची माणसं आली, जमैकाची आली, पंजाबचीही आली. सत्तरचं दशक संपता संपता कारखाने आखडू लागले. कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यातली मोटारबांधणी १९८० मध्ये थांबली.

याच गावात डॅमर्सनं माणसं जमवली. तो स्वतः ऑर्गनवर. गायला टेरी हॉल, जन्म कॉव्हेंट्रीचा. चेहरा कायम काल कुणी रागावलंय असा, आणि आवाज सपाट, त्यात दुःखही नाही नि आनंदही नाही. त्याच्या शेजारी नेव्हिल स्टेपल, जन्म जमैकाचा, हॉल जितका स्थिर तितका हा उसळता. गिटारवर लिनव्हल गोल्डिंग, हाही जमैकाचा, आणि रॉडी बायर्स, जो मनानं पंक. बेसवर होरेस पँटर, ड्रमवर जॉन ब्रॅडबरी. पाच गोरे, दोन काळे. एकाच गाण्यात हॉलची कोरडी कॉव्हेंट्री इंग्रजी आणि स्टेपलची जमैकन बोली. आपल्या घरांत आजी कन्नडमधून रागावते आणि मराठीतून समजूत काढते, त्यामुळे या मिश्रणात काय गंमत आहे हे आपल्याला दुसऱ्यांपेक्षा लवकर कळावं.

डॅमर्सनं आपली रेकॉर्ड कंपनीच काढली, 'टू-टोन'. तिचं चिन्ह म्हणजे काळा सूट, पांढरा शर्ट, काळी टाय, हॅट आणि गॉगल घातलेला एक माणूस. पीटर टॉशच्या एका जुन्या छायाचित्रावरून तो काढला होता. भोवती काळे-पांढरे चौकोन. बुद्धिबळाच्या पटासारखे हे चौकोन म्हणजेच सगळं धोरण होतं, निराळा जाहीरनामा लिहायची गरज नव्हती. पहिली तबकडी 'गँगस्टर्स', १९७९. प्रिन्स बस्टर या जमैकन गायकाच्या 'अल कपोन' या गाण्यावर ती बेतलेली होती. सुरुवातीच्या प्रतींची साधी पांढरी पाकिटं या मंडळींनी हातानं शिक्के मारून तयार केली. दुसऱ्या बाजूला भरायला स्वतःचं गाणं नव्हतं, म्हणून गावातल्याच नोएल डेव्हिसची 'द सिलेक्टर' नावाची वाद्यरचना घातली. गाणं सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि दुसऱ्या बाजूच्या त्या वाद्यरचनेच्या नावानं डेव्हिसनं पुढे बँडच काढला, त्यात पॉलिन ब्लॅकसारखी जबरदस्त गायिका आली! मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात असले अपघात सहसा होत नाहीत.

८ नोव्हेंबर १९७९ च्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये स्पेशल्स, सिलेक्टर आणि लंडनचा मॅडनेस, असे टू-टोनमधून पुढे आलेले तीन बँड एकाच भागात झळकले. स्पेशल्सचं तेव्हाचं गाणं 'अ मेसेज टू यू, रुडी' दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. हे मूळ गाणं १९६७ चं, डँडी लिव्हिंगस्टनचं. वाट चुकलेल्या पोराला वडीलधाऱ्यानं समजावावं तसा त्याचा सूर आहे. या गाण्यातला ट्रॉम्बोन ऐकावा. तो वाजवलाय रिको रॉड्रिगेझ यांनी. अल्फा स्कूलचे विद्यार्थी, १९६१ पासून इंग्लंडात. गंमत अशी की १९६७ च्या मूळ गाण्यातही ट्रॉम्बोन त्यांचाच होता. बारा वर्षांनी पोरांनी तेच गाणं करायचं ठरवलं तेव्हा नक्कल करणारा वादक न शोधता त्यांनी मूळ वादकालाच बोलावलं. जुन्याचं पुनरुज्जीवन करणाऱ्या सगळ्यांनी हे ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. आपल्याकडे जुन्या चाली उचलतात आणि जुना पेटीवाला दारात उभा असतो.

पहिला अल्बम एल्व्हिस कॉस्टेलोनं ध्वनिमुद्रित करून घेतला, तो चौथ्या क्रमांकावर गेला. जानेवारी १९८० मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित केलेली पाच गाण्यांची तबकडी आली. तिचं मुख्य गाणं 'टू मच टू यंग', आणि हा बँड पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावर पोहोचला. दोन आठवडे तिथं राहिला.

या गाण्याविषयी मात्र माझं मन स्वच्छ नाही. विषय असा की एका तरुण मुलीनं लवकर संसार मांडला, कडेवर मूल आलं, आणि तिचे हिंडण्याफिरण्याचे दिवस संपले. गाणारा तिला कुटुंबनियोजनाचे धडे देतो. धडा चुकीचा नाही, आपल्याकडे लाल त्रिकोण रंगवलेल्या भिंतींनी तोच दिला. पण सारी बोलणी त्या पोरीनं खायची, आणि त्या मुलाचा बाप कुठं आहे? नाचता नाचता हे लक्षात येत नाही, शांत बसून ऐकलं की येतं. वर्गातल्या मुलींना हे गाणं ऐकवलं तर पहिला प्रश्न हाच येईल. त्यावर उतारा म्हणावा अशी एक तबकडी याच गोतावळ्यातून १९८२ मध्ये निघाली, ऱ्होडा डाकारची 'द बॉयलर'. एका मुलीवर झालेला अत्याचार तिच्याच तोंडून सांगणारं हे गाणं पुन्हा ऐकवत नाही. रेडिओनं ते जवळपास वाजवलंच नाही, तरी ते पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. माझ्या लेखी हा पस्तिसावा क्रमांक 'टू मच टू यंग'च्या पहिल्यापेक्षा मोठा आहे.

१९८० हे वर्ष एकूण तेजीचं. 'रॅट रेस' पाचव्या क्रमांकावर, 'स्टिरिओटाइप' सहाव्या, वर्षाअखेरीचं 'डू नथिंग' पुढे चौथ्या. 'रॅट रेस' रॉडी बायर्सनं लिहिलं. ज्यांची नोकरी बापाच्या ओळखीनं आधीच ठरलेली आहे आणि जे मध्येच तीन वर्षं कॉलेजात मजा मारायला येतात, अशा विद्यार्थ्यांवर ते आहे. त्याचं चित्रीकरण कॉव्हेंट्रीच्या पॉलिटेक्निकमध्ये झालं. परीक्षा चालली आहे आणि बँडवाले मास्तर-मास्तरणी बनून पहारा देताहेत! डॅमर्स आणि पँटर एकेकाळी तिथंच कलाशाखेत शिकलेले. इतकी वर्षं मीही परीक्षेच्या हॉलमध्ये पाय दुखेस्तोवर फेऱ्या मारतो आहे, तेव्हा या गाण्यावर हसायचा मला पूर्ण हक्क आहे.

पण कार्यक्रमांत वेगळंच शिजत होतं. टकलू पोरांची, म्हणजे स्किनहेड म्हणवणाऱ्यांची, टोळी या बँडवर फिदा होती. त्यांच्यातले काही स्का ऐकत वाढलेले, काही उघड वंशद्वेषी. काळ्या माणसांच्या संगीतावर नाचायचं आणि बाहेर पडल्यावर काळ्या माणसालाच मारायचं, ही विसंगती त्यांना टोचत नव्हती. मारामाऱ्या झाल्या की बँड वाजवणं थांबवी. १९८० च्या शरदात केंब्रिजच्या कार्यक्रमात झालेल्या गोंधळानंतर डॅमर्स आणि हॉल यांनाच अटक झाली, पुढे दंडही झाला. त्याच वर्षी गोल्डिंगला लंडनमध्ये वंशद्वेषी टोळक्यानं बेदम मारलं. त्यावर त्यानं जे गाणं लिहिलं त्याचं नाव फक्त 'व्हाय?' असं आहे. शिवी नाही, धमकी नाही, नुसतं विचारणं.

आता जुलै १९८१ कडे येऊ. देशात बेकारांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल उसळली. कॉव्हेंट्रीत त्याच महिन्यात एका तरुण शीख विद्यार्थ्याला भोसकून मारण्यात आलं. २० जून रोजी स्पेशल्सनं आपल्याच गावातल्या मैदानावर वांशिक सलोख्यासाठी कार्यक्रम केला. त्याच सुमारास त्यांचं नवं गाणं बाजारात आलं होतं, 'घोस्ट टाऊन'.

डॅमर्सनं हे दौऱ्यांत पाहिलेल्या गावांवरून लिहिलं. बंद दुकानं, बंद नाचघरं. ग्लासगोत म्हाताऱ्या बायका घरातल्या कपबशा रस्त्यावर मांडून विकताना त्यानं पाहिल्या होत्या. मुद्रण झालं कॉव्हेंट्रीजवळच्या लेमिंग्टनमध्ये, एका छोट्या स्टुडिओत, जॉन कॉलिन्स यांच्या हाताखाली. सुरुवातीला भोंग्यासारखा आवाज, मग ऑर्गनचे वाकडेतिकडे स्वर. आपल्या कानाला ते क्षणभर ओळखीचे वाटतात, पण धरायला जावं तर निसटतात. ताल रेगेचा, पण रेंगाळणारा. मधूनच भुतांनी हसावं की रडावं असा कोरस. आणि रिकोंचा ट्रॉम्बोन रिकाम्या रस्त्यावरून एकटाच चाललेला. असं गाणं कुणी नाचायला विकत घेईल असं वाटत नाही. पण लोकांनी घेतलं.

३ जुलैला साउथॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या पंजाबी वस्तीत, स्किनहेडांचा जमाव एका पबमधल्या कार्यक्रमाला आला, हाणामारी झाली, आणि ज्या पबमध्ये कार्यक्रम होता तो पेटला. त्याच दिवसांत लिव्हरपूलचं टॉक्स्टेथ पेटलं, मग मँचेस्टरचं मॉस साइड, बर्मिंगहॅमचं हँड्सवर्थ, लीड्सचं चॅपलटाऊन. ११ जुलैच्या यादीत 'घोस्ट टाऊन' पहिल्या क्रमांकावर होतं आणि तीन आठवडे तिथून हललं नाही. टीव्हीवर आधी बातम्यांत जळती दुकानं आणि मग गाण्यांच्या कार्यक्रमात हे गाणं. महिन्याच्या शेवटी, २९ जुलैला, चार्ल्स-डायनाचं लग्न झालं. ते मात्र आपल्याकडेही सगळ्यांना आठवतं.

योगायोग म्हणावा तर म्हणता येईल. गाणं दंगलींमुळे लिहिलं नव्हतं आणि दंगली गाण्यामुळे झाल्या नाहीत. दोघांची मुळं एकाच मातीत होती, इतकंच.

आणि शिखरावर असतानाच बँड फुटला. 'घोस्ट टाऊन' सादर करायला 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या स्टुडिओत गेले असताना हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग यांनी डॅमर्सला सांगितलं की आम्ही निघालो. डॅमर्स कामाच्या बाबतीत हट्टी, बाकीचे थकलेले, आतल्या आत धुसफूस बरीच दिवसांची. काळे-गोरे एकत्र राहू शकतात हे त्यांनी देशाला दाखवलं, पण सात कलावंत एकत्र राहू शकले नाहीत! नाटक मंडळीत काम केलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही. तिघांनी 'फन बॉय थ्री' काढला, त्यांची काही गाणी चांगली चालली. जानेवारी १९८२ मध्ये कॉव्हेंट्रीतच गोल्डिंगवर चाकूहल्ला झाला, गळ्यावर. तो त्यातून वाचला.

डॅमर्स उरलेल्यांना आणि नव्यांना घेऊन 'द स्पेशल एकेए' या नावानं लढत राहिला. पुढचा अल्बम करण्यात त्याची दोन वर्षं आणि बक्कळ पैसा गेला. त्यातलं एकच गाणं चाललं, पण ते असं की बाकी सगळं विसरावं. 'नेल्सन मंडेला', मार्च १९८४, नवव्या क्रमांकापर्यंत. जुलै १९८३ मध्ये लंडनला मंडेलांच्या पासष्टाव्या वाढदिवसानिमित्त झालेल्या कार्यक्रमाला डॅमर्स गेला होता. त्याआधी त्याला मंडेलांविषयी फारसं ठाऊक नव्हतं, हे त्यानंच सांगितलं आहे. तुरुंगातल्या माणसासाठी रडगाणं न लिहिता त्यानं उत्सवाचं गाणं लिहिलं. लग्नाच्या वरातीत वाजवावं असं! म्हणूनच ते स्टेडियममध्ये हजारोंनी म्हटलं. पुढे डॅमर्सनं ब्रिटनमध्ये 'आर्टिस्ट्स अगेन्स्ट अपार्थाइड' ही संघटना उभी केली. ११ जून १९८८ चा वेम्ब्लीतला मंडेलांच्या सत्तरीचा मोठा सोहळा घडवण्यात त्याचा वाटा होता. मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले.

२००९ मध्ये जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली, डॅमर्स मात्र त्यात नव्हता. ब्रॅडबरी आणि रिको दोघेही २०१५ मध्ये गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये हॉल, गोल्डिंग आणि पँटर यांनी 'एन्कोर' हा अल्बम काढला. तो अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, स्पेशल्सचा पहिलाच पहिला, चाळीस वर्षांनी. त्यात एका गाण्यात सफिया खान ही बर्मिंगहॅमची तरुणी बोलते. २०१७ मध्ये तिथल्या एका वंशद्वेषी मोर्चात चिडलेल्या माणसासमोर खिशात हात घालून शांतपणे हसत उभी असलेली मुलगी, असं तिचं छायाचित्र जगभर गेलं होतं. तिच्या अंगात टी-शर्ट स्पेशल्सचा होता. बँडनं छायाचित्र पाहिलं आणि तिला बोलावून घेतलं. टेरी हॉल १८ डिसेंबर २०२२ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, गेले.

ऐकायचं असेल तर 'अ मेसेज टू यू, रुडी'पासून सुरुवात करा, घरातल्या लहानांनाही आवडेल. मग 'डू नथिंग'. 'घोस्ट टाऊन' रात्री, दिवे कमी करून. आणि त्या तबकडीची दुसरी बाजू चुकवू नका. तिच्यावर गोल्डिंगचं 'व्हाय?' आहे आणि हॉलनं लिहिलेलं 'फ्रायडे नाइट, सॅटर्डे मॉर्निंग'. शुक्रवारी पगार झालेला पोरगा नाचघरात जातो, काहीच मनासारखं घडत नाही, आणि उत्तररात्री तो टॅक्सीच्या रांगेत उभा असतो.